उन्हाचं तेल

‘आजी, एसपीएफ किती देऊ? तीस की पन्नास?’ औषधाच्या दुकानातली मुलगी विचारत होती आणि मी चष्मा कपाळावर सरकवून ट्यूबच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचत होते. मागे रांग लागलेली. एक गृहस्थ घसा खाकरून आपली घाई कळवत होते. खाकरू देत. तोंडाला लावायची कुठलीही वस्तू मी तीन प्रश्न विचारल्याशिवाय घेत नाही: यात काय आहे, हे कशासाठी आहे, आणि हे लावून उन्हात जायचं की नाही. घरात यावरून माझी भरपूर चेष्टा होते. नात म्हणते, ‘आजी, तू क्रीम घेतेयस की जावई शोधतेयस?’

मार्च आला की मला हे होतंच. नाशिकचा मार्च मोठा लबाड. पहाटे गोधडी सोडवत नाही आणि अकरा वाजता डांबरावर पाय ठरत नाही. हातगाड्यांवर द्राक्षांचे ढीग लागतात, त्यांच्यावर पाणी शिंपडलेलं असतं, आणि शहराबाहेर जरा गेलं की बागांवर फवारलेल्या गंधकाचा वास येतो. तो वास आला की माझा डावा गाल खाजायला लागतो. डॉक्टर म्हणतात, मनाचे खेळ आहेत. असतील. पण माझ्या मनाला खेळायला दुसरं काही मिळालं नाही का, असं मी त्यांना विचारलं, तर ते हसले.

आमच्या लहानपणी ऊन दोन तऱ्हेने छळायचं. एक तर ते लागायचं, नाहीतर माणूस रापायचा. ऊन लागू नये म्हणून अख्खं घर कामाला लागे. कैरीचं पन्हं, सब्जाचं पाणी, डोक्यावर ओला पंचा. माझे वडील नाशिक रोडला प्रेसमध्ये होते. भोंगा झाला की ते सायकलवर टांग टाकत आणि त्यांच्या पँटच्या खिशात कांद्याचा फुगवटा दिसे. रापण्याचं मात्र तसं नव्हतं. पुरुष रापला तर तो कष्टाळू. मुलगी रापली तर घरात सुतक. आणि त्यावरचा उपाय म्हणजे उपाय नव्हेच, नुसता दम होता: ‘काळी पडशील!’ डाळीचं पीठ, साय, काकडीचा कीस, स्नो, जे काही आम्ही थापत होतो त्यातलं एकही ऊन अडवत नाही हे आता कळतं. भाजून आल्यावर गार करायच्या वस्तू त्या. आम्ही त्या भाजायच्या आधी लावायचो आणि निर्धास्त बाहेर पडायचो.

मी गोरी होते. हे कौतुकाने सांगत नाहीये, त्यावाचून पुढचं कळायचं नाही म्हणून सांगतेय. आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. आई पाहुण्यांसमोर माझी ओळख ‘ही आमची गोरी’ अशीच करून द्यायची. नलिनी हे माझं नाव शाळेच्या हजेरीपुरतं. आणि मला ते आवडायचं, अगदी मनापासून आवडायचं. खोटं कशाला बोलू?

भिंतीला भिंत लागून शैलाचं घर. पहिलीपासून आम्ही एका बाकावर. तिची रिबन माझ्या वेणीत, माझी वही तिच्या दप्तरात, आणि कुणी कुणाला काही मागितलं असं आमच्यात कधी झालंच नाही. मला काही झालं की पाच मिनिटांत तिला कळायचं. तिचंही मला कळतं, असं मी धरून चालले होते.

एकोणऐंशीचा मार्च. आम्ही बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजचं श्रमदान शिबिर पिंपळगाव बसवंतच्या पुढे एका खेड्यात होतं, दहा दिवसांचं. शैलाचं लग्न ठरलेलं. मुलगा देवळाली कॅम्पातला, लष्कराच्या कचेरीत कारकून. मुहूर्त वैशाखातला. स्थळ आणलं होतं त्याच्या मावशींनी, आणि त्या मावशी राहायच्या आमच्याच कॉलनीत. लग्न तोंडावर आलेलं असताना पोरीला उन्हात माती उपसायला पाठवायला तिच्या घरचे तयार नव्हते. शैलाही फार उत्साहात होती असं नाही. पण मी हटून बसले. ही आपली शेवटची मजा, पुढे तू कुठे नि मी कुठे! शेवटी तिची आई म्हणाली, ‘नले, तू आहेस बरोबर म्हणून पाठवते हो.’ माझ्या आईने मला पिशवीत डाळीच्या पिठाचा डबा दिला आणि बजावलं, ‘गोरी जातेयस, गोरीच परत ये.’

शाळेच्या दोन खोल्यांत आम्ही मुली. काम असं की शाळेपासून हमरस्त्यापर्यंत मुरूम टाकायचा. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, तोडणी ऐन भरात, टेम्पो उभे. बागांत काम करणाऱ्या बायका बऱ्याचशा पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या. साडीवर नवऱ्याचा लांब बाह्यांचा सदरा, डोक्याला आणि तोंडाला टॉवेल, दिसायला फक्त डोळे. ‘काय ध्यान आहे!’ असं म्हणून आम्ही कॉलेजच्या मुली हसायचो. त्यांच्यातली जनाबाई म्हणून एक होती, ती दुपारी आमच्या माठातलं पाणी प्यायला यायची. मला म्हणाली, ‘पोरी, तोंड झाक. उन्हाला काय गोरं-काळं कळत नाय.’ मी म्हटलं, ‘बाई, मी लावलंय तोंडाला.’ ती म्हणाली, ‘लावून काय व्हतंय? झाकायचं असतंय.’ आज चामडीचे मोठे डॉक्टर दोन बोटांवर मावेल एवढं क्रीम घ्या, बाहेर पडायच्या वीस मिनिटं आधी लावा, दोन-दोन तासांनी पुन्हा लावा, असं सगळं सांगून शेवटी हळूच म्हणतात, आणि हो, पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी, स्कार्फ. जनाबाईने ते एका वाक्यात आणि फुकट सांगितलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी मी विहिरीवरून तोंड धुऊन येत होते. शाळेच्या मागच्या भिंतीआड शैला कोवळ्या उन्हाकडे पाठ करून बसली होती, हातात एक काळपट बाटली. माझी चाहूल लागताच तिने घाईघाईने पदर ओढून घेतला.

‘काय गं ते?’

‘तेल.’

‘कसलं?’

तिने बूच घट्ट लावलं. ‘उन्हाचं,’ म्हणाली, आणि बाटली पिशवीत टाकून उठली.

आता तुम्हीच सांगा. खोकल्याचं औषध खोकल्यावर, तापाचं औषध तापावर, मग उन्हाचं तेल कशावर? आपली भाषाच अशी आहे, त्यात माझा काय दोष? मला वाटलं, लग्न ठरलंय, सासरच्यांनी कॅम्पातून काहीतरी भारी आणून दिलं असणार. नवरी रापू नये म्हणून. आणि ही बया एकटीच लावतेय, मला सांगतसुद्धा नाही! थोडा रागच आला. ती अंघोळीला गेली तेव्हा मी तिच्या पिशवीत हात घातला, बाटली काढली आणि तळहातावर घेऊन कपाळाला, गालांना, मानेला चोळलं. उग्र वास होता. औषधाला वास असायचाच, असं म्हणून आणखी थोडं घेतलं.

आठ वाजता काम सुरू झालं. आम्ही मुली रांगेत उभ्या राहून मुरमाची घमेली हातोहात पुढे सरकवत होतो. शैला उशिराने आली आणि रांगेच्या पार दुसऱ्या टोकाला उभी राहिली. दहाच्या सुमाराला जागा बदलल्या, ती माझ्या शेजारी आली, आणि माझ्याकडे बघून तिच्या हातातलं घमेलं तसंच राहिलं.

‘तोंडाला काय लावलंयस?’

‘तुझं उन्हाचं तेल. रागावू नकोस गं, थोडंसंच घेतलं.’

‘धू. जा, आत्ताच्या आत्ता तोंड धू.’

‘का?’

आजूबाजूला पंधरा-वीस मुली. त्यातल्या चार आमच्याच कॉलनीतल्या. शैलाने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. ‘वास येतोय त्याला,’ ती म्हणाली.

‘येऊ दे की. इथे कोण हुंगायला बसलंय?’ मी मोठ्याने म्हटलं आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या.

ती गेली, तांब्याभर पाणी घेऊन आली. मी ते पिऊन टाकलं. ती पुन्हा गेली, आपला टॉवेल आणला आणि माझ्या डोक्यावरून, गालांवरून गुंडाळायला लागली. ‘अगं, मी काय बागेतली बाई आहे का?’ म्हणून मी तो काढून तिच्या अंगावर फेकला. तिने उचलला, घडी केली, आणि पुन्हा घमेली सरकवायला लागली. बारा वाजेपर्यंत आम्ही शेजारी-शेजारी उभ्या होतो. दोन तास. माझ्या कानाशी लागून एक शब्द सांगायला दोन तास पुष्कळ झाले, असं मी त्यानंतर किती वर्षं मनात घोकत राहिले, काय सांगू.

त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी चेहरा लाल झाला, चुरचुरायला लागला. तिसऱ्या दिवशी फोड आले, टरारून. पाण्याने भरलेले, कपाळभर, गालभर, आणि तेलाचा ओघळ जिथून मानेवर उतरला होता तिथे फोडांची एक सरळ रेघ. मुली माझ्याकडे बघून तोंड फिरवत होत्या. शिबिरावर आलेल्या कॉलेजच्या बाई मला एसटीत घालून घरी घेऊन आल्या. शैलाने माझी पिशवी भरून दिली होती. ती भरताना बाटली माझ्या पंच्यात गुंडाळून तीच ठेवून देईल, हे मला कधी वाटलं नव्हतं. डॉक्टरांनी बघावं म्हणून तिने ठेवली होती हे मला फार उशिरा सुचलं. तेव्हा वाटलं, नको असलेली वस्तू माझ्या गळ्यात बांधली.

आमच्या डॉक्टरांनी बूच काढून वास घेतला आणि कपाळाला हात लावला. ‘हे बावचीचं तेल आहे. कोडावर लावतात. डागावर थेंबभर लावायचं, सकाळच्या उन्हात पाच-दहा मिनिटं बसायचं आणि धुऊन टाकायचं. ऊन लागलं की हे तेल कामाला लागतं. तुम्ही हे तोंडभर फासून दुपारपर्यंत उन्हात उभ्या राहिलात? घरात कुणाला कोड आहे का?’

आई म्हणाली, ‘इश्श, काहीतरीच काय!’ आणि मी म्हटलं, ‘शैलाचं आहे हे.’

म्हणजे ती खोटं बोललीच नव्हती. उन्हाचंच तेल होतं ते. ऊन घेऊन काम करणारं. ती सगळ्यांच्या आधी अंघोळ उरकायची, पाठ झाकणारे ब्लाउज घालायची, पोहायला कधी आली नाही, आणि मी बावळट तिला ‘लाजाळूचं झाड’ म्हणून चिडवत आले होते. माझ्या अंगावरचा तीळन् तीळ तिला ठाऊक. तिच्या पाठीवर पाच वर्षं पांढरे डाग पसरत होते आणि मला पत्ता नाही! फोडांपेक्षा मला हे जास्त झोंबलं. चेहरा काय, भरून येतो. पण मी जिला आपली म्हणत होते तिने मला दाराबाहेरच उभं ठेवलं होतं, आणि मी आत बसलेय अशा समजुतीत गप्पा मारत होते.

शिबिर संपल्यावर ती आली. माझ्या तोंडाला मलम फासलेलं. ती दारात उभी राहिली, आत येईना.

‘तू मला सांगितलं का नाहीस?’ मी ओरडले. ‘दोन तास शेजारी उभी होतीस!’

‘नले, माझं लग्न आहे गं.’ एवढंच बोलली. मग आईकडे वळून हात जोडले. आई म्हणाली, ‘जा पोरी, माझ्याकडून कुठे जायचं नाही.’ आणि खरंच, गावभर बातम्या पोचवणारी माझी आई त्या एका गोष्टीवर तोंड शिवून बसली. तिच्याही घरात लग्नाची मुलगी होती. शैलाने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे तोंड करून पडले. हो म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही.

फोड गेले, डाग राहिले. काळे, कडेने गडद, गालावर नकाशे काढल्यागत. डॉक्टर म्हणाले, सहा-आठ महिने लागतील, उन्हात फिरकू नका. आई मला आता कुणासमोर ‘आमची गोरी’ म्हणेना, आणि ते न म्हणणं मला रोज ऐकू यायचं.

चैत्रातलं हळदीकुंकू होतं, कॉलनीतल्या एका काकूंकडे. गौर झोपाळ्यात बसलेली, आंब्याची डाळ, कलिंगडाच्या फोडी, बायकांचा कलकलाट. मला यायचं नव्हतं, आईने ओढून नेलं. शैला तिथे पन्हं वाटत होती. नव्या नवरीचं तेज की काय म्हणतात ते तिच्या तोंडावर आलेलं, आणि बायका तिला हसून चिडवत होत्या. मुलाच्या मावशी झोपाळ्याजवळच बसल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, ‘अगं बाई, ह्या गोरीच्या तोंडाला काय झालं?’

आई म्हणाली, ‘उन्हाने भाजलं हो शिबिरात.’

‘ऊन तर सगळ्याच पोरींना होतं. शैला बघ कशी, नितळ!’

आणि मी म्हटलं, ‘उन्हाने नाही भाजलं. शैलाचं कोडाचं तेल लागलं मला.’

मावशी ऐकतायत हे मला ठाऊक होतं. त्यांच्याकडे बघूनच बोलले मी. तोंडातून निसटलं, असं मी आईला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, अगदी परवापर्यंत स्वतःलाही सांगत होते. निसटलं बिसटलं काही नाही. शैला पन्ह्याचा ट्रे धरून तशीच उभी होती. तिने एकही पेला सांडला नाही. उरलेल्या तिघींना पन्हं दिलं, ट्रे आत नेऊन ठेवला आणि चपला घालून घरी गेली.

लग्न मोडलं. शैलाच्या वडिलांनी बदली मागून घेतली की दुसरीकडे घर पाहिलं, मला नीट आठवत नाही. पावसाळ्याआधी शेजारचं क्वार्टर रिकामं झालं होतं. माझे डाग दिवाळीपर्यंत फिकट झाले. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं, चांगलं झालं. आणि गंमत बघा, एवढं सगळं करूनही फसवली गेलेली मीच, हे माझ्या मनातून जाईना. तिने मला सांगितलं असतं तर मी तेल लावलंच नसतं, मी भाजले नसते, मी बोलले नसते. हिशेब किती सरळ! मी विश्वास टाकला, तिने नाही टाकला. सात-आठ वर्षं मी या एका वाक्यावर आरामात जगले.

सत्त्याऐंशीचा मार्च असेल. नाशिक रोडहून देवळाली कॅम्पच्या बसमध्ये चढले, नणंदेकडे निघाले होते. खिडकीशी एक बाई. पूर्ण बाह्यांचा ब्लाउज, मांडीवर काळी छत्री, मनगटापासून बोटांपर्यंत हात पांढरे, ओठांच्या कडाही पांढऱ्या. तिने मला आधी ओळखलं. ‘बस ना, नले,’ म्हणाली.

कॅम्पातल्या शाळेत शिकवत होती. लग्न केलं नव्हतं. छत्री कशाला, म्हणून मी विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून. ‘पांढऱ्या कातडीला ऊन सोसत नाही गं, पटकन भाजते. डॉक्टरांनी मलम दिलंय, पण खरी ही छत्रीच.’ किती सहज बोलत होती. तेल बंद केलं होतं. लपवणंही बंद केलं होतं. ‘सगळ्यांना कळल्यावर लपवायचं कुणापासून?’ असं ती म्हणाली, त्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

‘शैले, त्या दिवशी मी...’

‘असू दे.’

‘असू दे काय? बोलू तर दे मला. चुकलंच माझं. पण तूही मला सांगायला हवं होतंस. मला! मी काय परकी होते?’

माफी मागायला बसले होते आणि आवाज भांडायचा लागला. तो माझा स्वभावच आहे. ती खिडकीबाहेर बघत होती.

‘सांगणार होते की. नववीत पहिला डाग दिसला तेव्हा. तुझ्याकडेच निघाले होते.’

‘मग?’

‘आपल्या वर्गात एक मुलगी होती बघ. तिला फिट यायच्या. तिने तुला गळ्याची शपथ घालून सांगितलं होतं. तू मधल्या सुट्टीत बाकावर आडवी पडून सगळ्यांना करून दाखवलंस, फिट कशी येते ते. मीही हसले होते. मग घरी जाऊन आईला म्हटलं, नलूला नको सांगायला.’

मी डोकं खाजवलं. खरंच काही आठवेना. ‘कोण गं ती?’ मी विचारलं.

शैलाने नाव सांगितलं, आडनावही सांगितलं. तेवढ्यात तिचा थांबा आला. माझ्या खांद्यावर हात ठेवून ती उठली आणि उतरली.

घरी येऊन मी ट्रंकेतून नववीचा फोटो काढला. खाली नावं छापलेली होती. दुसरी रांग, डावीकडून चौथी. दोन वेण्या, मान जरा कललेली. अधूनमधून अजूनही तो फोटो काढून बघते, चष्मा लावून, उजेडात नेऊन. मला ती मुलगी आठवत नाही.